डाव्या हाताचा खर्ज

रॉक संगीताविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात गायकाचे चरित्र असते, त्याची व्यसने असतात, गाण्याच्या शब्दांचा सामाजिक अर्थ असतो. वाद्यांविषयी मात्र क्वचितच काही असते, आणि असलेच तर ते गिटारविषयी असते. सर्वांत खाली जो स्वर चाललेला असतो, ज्याला तिकडे बास म्हणतात आणि ज्याला आपण खर्ज म्हणू, त्याची दखल घेण्याची आवश्यकता आपल्यापैकी फारशी कोणाला वाटत नाही. हा दोष इतरांच्या माथी मारण्याचा मला अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी येथील मराठी मंडळींनी भरवलेल्या एका श्रवणसंध्येत ‘द डोअर्स’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदाविषयी मी बोललो होतो. ह्या चौघांनी बास गिटारवाचून रॉक संगीत उभे करून दाखवले आणि त्यामुळे ते वाद्य अपरिहार्य नाही हे सिद्ध झाले, असे विधान मी त्या दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने केले. विधानाला टाळ्या मिळाल्या. ते निम्मे खोटे होते, आणि उरलेले निम्मे मला नीट कळलेले नव्हते. प्रस्तुत लेखाला निमित्त ह्या चुकीचे आहे.

श्रोत्यांत माझ्याच कार्यालयातले एक सहकारी होते. ते मराठी नव्हेत. शनिवार-रविवारी एका हौशी वाद्यवृंदात बास गिटार वाजवतात आणि एरवी माझ्यासारखेच फायलींवर टिपण्या लिहितात. कार्यक्रम संपल्यावर चहाचा कप हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “तुम्ही जे गाणे ऐकवलेत त्यात बास गिटार आहे. वाजवणाऱ्याचे नाव वेष्टनावर नाही, एवढेच.” मी ते गाणे, म्हणजे १९६७ मधले ‘लाइट माय फायर’, शेकडो वेळा ऐकलेले होते. तरीही त्यांना उत्तर देता आले नाही.

ऐकलेले असूनही ऐकू आले नाही, हे कसे? ह्याला माझ्या अज्ञानाखेरीज एक भौतिक कारणही आहे. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. साध्या गिटारच्या जाड तारेचा त्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे सुमारे ८२. मी ज्या लहानशा यंत्रावर हे संगीत ऐकत मोठा झालो त्याच्या बोटभर कर्ण्यातून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडणेच शक्य नव्हते. अशा वेळी वरची उपस्वरांची मालिका तेवढी कानावर येते आणि मूळ स्वर मेंदू आपल्या पदरचा घालून घेतो. खर्ज असल्याचा भास होतो. पण तो तारेचा आहे की पट्टीचा, बोटाने छेडलेला आहे की हातोडीने मारलेला, हे कळण्याला जो तपशील लागतो तो हरवलेला असतो. उलट माझे शेजारी पाहा. आमच्या सरकारी निवासस्थानांच्या भिंती कशा असतात हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेलच. पुढे मी बरा ध्वनिवर्धक घेतला तेव्हा शेजाऱ्यांना गायक ऐकू जात नसे, गिटार ऐकू जात नसे. भिंतीतून पलीकडे जात असे तो केवळ खर्ज. म्हणजे मी वर्षानुवर्षे खर्ज सोडून सर्व काही ऐकले आणि शेजाऱ्यांनी खर्ज सोडून काहीच ऐकले नाही. त्यांनी तक्रार केली हे खरे, परंतु ह्या विषयातले त्यांचे ज्ञान त्या वेळी माझ्यापेक्षा अधिक होते असे म्हणणे भाग आहे.

ह्या खालच्या स्वराचे कार्य काय, ते आपल्या संगीताच्या आधाराने थोडेसे समजून घेता येईल. थोडेसेच, कारण साम्य फार दूर जात नाही. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो. गाणारा कोठेही गेला तरी त्याचे घर हलत नाही. रॉक संगीतात घरच हलते. कॉर्ड बदलली की तिचा पाया बदलतो, आणि आता आपण कोणत्या घरात आलो आहोत हे कानाला सांगण्याचे काम बासचे असते. त्याच वेळी तो ड्रमच्या जोडीने ठेकाही धरून असतो. आपल्या तबल्यात डग्गा जे वजन देतो तसे काहीसे वजन तो देतो. तंबोरा आणि डग्गा ही दोन्ही कामे एका माणसाने करावयाची आणि तीही सहसा कोणाचे लक्ष वेधून न घेता, असे हे पद आहे. ध्वनिमुद्रणात हे काम निगुतीने करता येते. चुकले तर पुन्हा वाजवता येते. एका वाद्यावर दुसरे चढवता येते. स्वतःच्या वृंदात माणूस नसला तर बाहेरून आणता येतो. मंचावर ह्यांपैकी काहीही शक्य नसते. तेथे हात मोजकेच असतात. आणि म्हणूनच रेकॉर्डवरचा खर्ज मंचावर कोण आणि कसा धरतो, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. त्या वृंदाला आपल्या गाण्यातले काय महत्त्वाचे वाटते, ह्याचा तो कबुलीजबाब असतो.

डोअर्सचा वृंद १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये जमला. जिम मॉरिसन गायक, रॉबी क्रीगर गिटारवादक, जॉन डेन्समोर ड्रमवादक आणि रे मांझारेक ऑर्गनवादक. मॉरिसन सोडून इतर तिघांची ओळख महर्षी महेश योगी यांच्या ध्यानवर्गाच्या निमित्ताने झाली, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. आपल्या विषयाला तिचा उपयोग थोडा पुढे येईल. बास वाजवणारा त्यांच्यात नव्हता. मांझारेकने तोड काढली ती अशी की, ऑर्गनच्या सपाट पाठीवर त्याने एक लहानसे वाद्य ठेवले. त्याचे नाव फेंडर ऱ्होड्स पियानो बास. पियानोला ८८ पट्ट्या असतात. ह्याला त्यांतल्या खालच्या बाजूच्या ३२ तेवढ्या होत्या. पट्टी दाबली की आत हातोडी धातूच्या काडीवर आपटते आणि तो कंप विजेच्या साहाय्याने मोठा होतो. आवाज गोल, मऊ, काहीसा बोथट. ह्या ३२ पट्ट्या मांझारेकच्या डाव्या हाताच्या आणि ऑर्गन उजव्या हाताचा. मंचावर डोअर्सचा खर्ज म्हणजे एका माणसाचा डावा हात होता, आणि मी टाळ्या मिळवल्या त्या विधानात खरे होते ते एवढेच.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट वेगळी. पहिल्या रेकॉर्डचे ध्वनिमुद्रण १९६६ च्या ऑगस्टमध्ये झाले तेव्हा निर्माता पॉल रॉथचाइल्ड ह्याच्यापुढे अडचण उभी राहिली. पियानो बासचा बोथटपणा सभागृहात खपून जात असे, रेकॉर्डवर खपेना; स्वराचा आरंभच त्यात ठसत नव्हता. तेव्हा लॅरी नेक्टेल ह्या व्यावसायिक वादकाला बोलावण्यात आले आणि काही गाण्यांत त्याने मांझारेकच्या डाव्या हाताचीच ओळ बास गिटारवर वाजवली. ‘लाइट माय फायर’ त्यांतलेच एक. रेकॉर्ड १९६७ च्या जानेवारीत निघाली, गाणे त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि वेष्टनावर नेक्टेलचे नाव नव्हते. दुसऱ्या रेकॉर्डपासून स्थिती सुधारली. ‘स्ट्रेंज डेज’वर डग लुबान, १९६९ च्या ‘द सॉफ्ट परेड’वर हार्वी ब्रुक्स, १९७१ च्या ‘एल. ए. वुमन’वर एल्व्हिस प्रेस्लीच्या साथीला असणारा जेरी शेफ, अशी वेगवेगळी माणसे येत गेली आणि त्यांची नावेही छापली गेली. तरी ‘बासविना वृंद’ ही ख्याती काही पुसली गेली नाही. ती मीही पुढे चालवली. टिपणी एकाने लिहावयाची आणि तिच्याखाली सही दुसऱ्याची, ह्यात आमच्या नोकरीत कोणाला वावगे वाटत नाही; परंतु टिपणी लिहिणाराच नव्हता असे कोणी भर सभेत सांगू लागला तर मला ते खचितच सहन झाले नसते. (नेक्टेलविषयी इतके सांगितलेच पाहिजे की, ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ह्या सर्वश्रुत गाण्यातला पियानो त्याचा आहे. त्याला नावाची वाण नव्हती. प्रश्न आपल्या कानांचा आहे.)

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. रेकॉर्डवर बास गिटार आणि मंचावर डावा हात; तर मग मंचावरचे डोअर्स म्हणजे रेकॉर्डची उणी प्रत काय? त्या श्रवणसंध्येनंतर काही दिवस माझे मत तसे झाले होते. एक चूक उघडकीस आली की माणूस तिच्या नेमक्या विरुद्ध चुकीत जाऊन बसतो. पुढे मी ‘ॲब्सोल्यूटली लाइव्ह’ ही १९७० मध्ये निघालेली त्यांच्या जाहीर कार्यक्रमांची रेकॉर्ड पुनःपुन्हा ऐकली. ह्या वेळी बऱ्या यंत्रावर, आणि शेजारी गावाला गेलेले असताना. ती निर्भेळ आहे असे मुळीच नाही. अनेक ठिकाणच्या कार्यक्रमांतले तुकडे जोडून ती तयार केलेली आहे. पण डावा हात सर्व तुकड्यांत एकच आहे, आणि आपल्याला ऐकावयाचा आहे तो तोच.

तिच्यातले ‘सोल किचन’ घ्या. पहिल्या रेकॉर्डवर हे गाणे साडेतीन मिनिटांचे आहे. तेथे बास गिटार आहे, तिच्या तारेला धार आहे आणि गाण्याची चाल मुरकत जाते. मंचावर तेच गाणे दुपटीहून मोठे होते. ती धार जाते. तारेवर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, त्या मींडीला पट्ट्यांवर जागाच नाही, तीही जाते. राहते ते एक छोटे आवर्तन. मांझारेकचा डावा हात ते धरतो आणि सोडतच नाही. प्रथम ऐकताना हे दारिद्र्य वाटते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मात्र ध्यानात येते की, बाकी सर्वांनी जे स्वातंत्र्य घेतले आहे ते ह्या हट्टावर घेतलेले आहे. मॉरिसन ओळ अर्ध्यावर सोडून देतो, कुजबुजतो, गप्प बसतो. डेन्समोर ठेका सोडून शब्दांना उत्तर देऊ लागतो, एखाद्या शब्दावर झांज उडवतो, एखाद्याखाली पोकळी ठेवतो. पायाशी दुसरा एखादा चतुर बासवादक असता तर त्यालाही काही बोलावेसे वाटले असते, आणि चौघांच्या गलबल्यात ती पोकळी भरून गेली असती. येथे खर्ज बोलत नाही. तो केवळ असतो.

‘लाइट माय फायर’च्या मधल्या दीर्घ वादनाचेही असेच आहे. मूळ रेकॉर्डवर गाणे सुमारे सात मिनिटांचे. त्यातला मोठा भाग प्रथम ऑर्गन आणि नंतर गिटार यांच्या विस्ताराचा. हा सर्व विस्तार दोनच कॉर्डांवर चालतो. कॉर्ड दोनच का असाव्यात? ह्याचे उत्तर लोक त्या पिढीच्या भारतीय संगीताच्या ओढीत शोधतात, आणि ते अगदीच निराधार नाही. क्रीगरने सतारीचे शिक्षण घेतले होते आणि ‘दि एंड’मध्ये त्याने गिटारच्या तारा तंबोऱ्याच्या जवळ जातील अशा लावल्या आहेत. तथापि मला दुसरेही एक कारण संभवते. उजव्या हाताने विस्तार करावयाचा असेल तर डाव्या हाताला ज्याचा विचार करावा लागणार नाही असेच काहीतरी दिले पाहिजे. घर वारंवार हलवावयाचे तर डावा हात उजव्याचे लक्ष वेधून घेणार. म्हणून घर जवळजवळ स्थिर ठेवले. बासचा तंबोरा केला. मंचावरची ही मर्यादा पुढे रचनेचाच गुण होऊन बसली, आणि पहिल्या रेकॉर्डवर नेक्टेलने बास गिटार हाती घेतली तेव्हा त्याला वाजवावी लागली ती ह्या डाव्या हाताने आखून दिलेली ओळ. येथे मंचावर रेकॉर्डची प्रत निघत नव्हती. ध्वनिमुद्रणातच मंचाची प्रत काढली जात होती. मूळ कोणते आणि नक्कल कोणती ह्याविषयीची माझी सगळी मांडणीच उलटी निघाली, ती ह्या ठिकाणी.

जी ओळ डाव्या हाताला सोपी ती चार तारांना सोपी असते असेही नाही. ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’ची ओळ पट्ट्यांवर सुचलेली आहे, पाच बोटे जेथे आपसूक पडतात तेथे तारांवर हात ताणावा लागतो, आणि जेरी शेफला ती बसवताना कष्ट पडले असे मांझारेक सांगत असे. माझ्या सहकाऱ्यांनी हे स्वानुभवाने सांगितले. त्यांच्या वृंदात ते ‘लाइट माय फायर’ वाजवतात. मी त्यांना विचारले, “ह्यात अवघड काय आहे? तेच तर पुनःपुन्हा वाजवावयाचे.” ते म्हणाले, “तेच अवघड आहे. तिसऱ्या मिनिटाला हात काहीतरी वेगळे करू पाहतो. आपण त्याला आवरावयाचे. आणि बदलले नाही म्हणून कोणी शाबासकी देत नाही.” ह्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या एरवी ध्यानातच आली नसती. ऑर्गन आणि बास एकाच माणसाच्या हातांत असले की दोन्ही एकाच वेळी घाई करतात आणि एकाच वेळी सावरतात. ड्रम वाजवणाऱ्याला दोघांच्या मधोमध उभे राहून निवाडा करावा लागत नाही. दोन माणसांच्या खर्जात आणि सुरात जी सूक्ष्म ओढाताण असते, जिच्यामुळे रॉक संगीताला अनेकदा रंग चढतो, ती डोअर्सच्या जाहीर कार्यक्रमांत नाही. त्या जागी झोपेत चालणाऱ्या माणसासारखी एक अविचल गती आहे. काहींना तीच प्रिय असते. मला ती ‘व्हेन द म्युझिक्स ओव्हर’मध्ये, सोळा मिनिटांच्या त्या मंचीय अवतारात, अत्यंत परिणामकारक वाटते, आणि साध्या ब्लूज-पद्धतीच्या गाण्यांत, जेथे खर्जाने थोडे लोळावे, रेंगाळावे अशी अपेक्षा असते, तेथे स्पष्टच अपुरी वाटते. गुणदोष दोन्ही एकाच हाताचे आहेत.

इतर वृंदांकडे पाहिले तर हाच प्रश्न त्यांनी किती परींनी सोडवला हे दिसते. इंग्लंडमधल्या ‘द हू’ची अडचण डोअर्सच्या नेमकी उलट होती. त्यांच्यापाशी जॉन एन्टविसलसारखा बासवादक होता, पण गिटारवादक एकच. रेकॉर्डवर पीट टाउनशेंड एका गिटारवर दुसरी गिटार चढवू शके. मंचावर तो एकट्याने स्वरविस्तार करू लागला की मधली जागा ओस पडणार. ती एन्टविसलने भरली. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या कार्यक्रमाची ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ही रेकॉर्ड कानाला यंत्र लावून ऐकावी. तिच्यात बास एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात ठेवलेली आहे. गिटारचा कान काढून ठेवला तर जे उरते ते बासचे काम आहे असे प्रथम वाटतच नाही. तो वर चढतो, कर्कश होतो, गिटारला प्रश्न विचारतो, आणि वाक्य संपताना बरोबर पायाशी येऊन उभा राहतो. रेकॉर्डवरच्या ओळीशी त्याची निष्ठा फारशी नाही. गाणे कोसळू न देण्याशी मात्र आहे. मांझारेकने न बदलून जे साधले तेच ह्याने बदलून साधले. ह्या दोघांना एकाच मापाने मोजणारी टीका दोघांपैकी एकाला नापास करणारच, आणि तशी टीका मी केलेली आहे.

हात अपुरे पडले तेव्हा काहींनी पाय कामाला लावले. आपल्या नाटकांच्या पायपेटीत पायांनी भाता हलवला जातो. तिकडच्या ऑर्गनला पायांनी दाबावयाच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून प्रत्यक्ष स्वर निघतात. ‘लेड झेपलिन’चा जॉन पॉल जोन्स मूळचा बासवादक, पण ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ ह्या १९७० मधल्या गाण्यात तो ऑर्गन वाजवतो आणि खर्ज पायांनी देतो. रेकॉर्डवर त्याला बास गिटार वेगळी चढवता आली असती. ती न चढवता पायांचाच खर्ज त्याने राखला, त्यामुळे मंचावर काही घटवावे लागले नाही. पायांचा खर्ज हातांइतका चपळ नसतो, पण त्या गाण्यात चपळाई हवी आहे कोणाला? कॅनडातल्या ‘रश’ ह्या त्रिकुटाने ही रीत पार टोकाला नेली. गेडी ली गातो, बास गिटार वाजवतो, की-बोर्ड वाजवतो आणि पायांशी मूग टॉरस नावाच्या विजेच्या वाद्याच्या तेरा पट्ट्या असतात. १९७७ मधल्या ‘झॅनडू’त त्याच्या गळ्यात दोन मानांचे वाद्य असते, एक मान बासची आणि एक गिटारची, अलेक्स लाइफसन स्वरविस्तार करू लागला की ली गिटारच्या मानेवर जातो आणि खर्ज पायांकडे सोपवतो. रेकॉर्डवर जितके आहे तितके सर्व तिघांनीच मंचावर उभे करावयाचे, चौथा माणूस आणावयाचा नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यासाठी पुढे त्यांनी आधी साठवून ठेवलेले ध्वनीही पायाच्या दाबाने सोडण्यास आरंभ केला. हे पाहताना माणूस थक्क होतो. पण खरे सांगावयाचे तर थक्क होणे आणि ऐकणे ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रशच्या काही उत्तरकालीन कार्यक्रमांत मी संगीत ऐकण्याऐवजी पायांचा हिशेब करीत बसलो आहे. रेकॉर्डशी इतके इमान राखले की, जाहीर कार्यक्रमाला येण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मनात डोकावून जातो.

‘पिंक फ्लॉइड’च्या १९७१ मधल्या ‘वन ऑफ दीज डेज’मध्ये रेकॉर्डवर दोन बास गिटार आहेत, रॉजर वॉटर्सची आणि डेव्हिड गिलमूरची, मंचावर गिलमूरला दुसरे काम असल्याने एकट्या वॉटर्सची बास प्रतिध्वनियंत्रातून फिरून स्वतःचीच जोडीदार होते. अलीकडचे उदाहरण ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ ह्या दोघांचे. त्यांचे २००३ मधले ‘सेव्हन नेशन आर्मी’ हे गाणे युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक शब्दांवाचून गुणगुणतात, आणि जी ओळ गुणगुणतात ती बासची आहे असेच सर्वांना वाटते. ती बासची नाही. जॅक व्हाइटने साध्या गिटारचा स्वर एका यंत्राने एक सप्तक खाली उतरवला आहे, बस्स. डोअर्सविषयी मी जे विधान केले ते ह्या दोघांविषयी केले असते तर निदान वस्तुस्थितीला धरून झाले असते. ‘अपरिहार्य नाही’ हे मात्र तेथेही चूकच, कारण वाद्य नसले तरी खर्जाची जागा त्यांनाही मोकळी सोडता आलेली नाही.

आणि मग अशीही मंडळी आहेत जी मंचावर खर्ज यंत्रातून सोडतात. कोणाचा हातही नाही आणि पायही नाही. ह्याविरुद्ध नैतिक स्वरूपाचे बरेच बोलले जाते. मला त्यात राम वाटत नाही. माझी तक्रार साधी आहे. यंत्रातला खर्ज कोणासाठी थांबत नाही. मॉरिसन ओळ अर्ध्यावर सोडून गप्प बसला असता तर यंत्र पुढे निघून गेले असते. म्हणजे त्याला गप्प बसताच आले नसते.

डोअर्सच्या गोष्टीतला शेवटचा भाग मला अलीकडेच समजला. १९७१ च्या जुलैत मॉरिसन पॅरिसमध्ये वारला. उरलेल्या तिघांनी वृंद मोडला नाही; त्यांनी आणखी दोन रेकॉर्डी काढल्या आणि दौरेही केले. ह्या दौऱ्यांत त्यांनी एक बासवादक सोबत घेतला. इतकी वर्षे ज्या डाव्या हाताने एकट्याने भार वाहिला त्याला आता मदत का लागावी? मांझारेक आता गाऊ लागला होता, हे एक उत्तर. डावा हात, उजवा हात आणि गळा एवढे सगळे एका माणसाला पेलणारे नव्हते. पण मला वाटते, गाणारा गेल्यावर त्या हट्टी, न बोलणाऱ्या खर्जाचे कारणही गेले होते. तो ज्याला मोकळीक देण्यासाठी गप्प बसत असे तो माणूस मंचावर नव्हता. त्या दोन्ही रेकॉर्डी मी ऐकल्या. वादन पूर्वीपेक्षा निर्दोष आहे, आणि त्या मी पुन्हा लावलेल्या नाहीत.

माझ्या सहकाऱ्यांची गेल्या पावसाळ्यात गुवाहाटीला बदली झाली. त्यांच्या हौशी वृंदाला नवा बासवादक मिळालेला नाही. ऑर्गन वाजवणारा मुलगा महाविद्यालयात शिकतो; त्याने डाव्या हाताने खर्ज धरण्याचे मनावर घेतले आहे, आणि दर रविवारी सकाळी तो त्याचा सराव करतो. मी दोनदा जाऊन ऐकले. आवर्तन त्याचे पक्के झाले आहे. परंतु उजवा हात विस्तार करू लागला की डावा क्षणभर थांबतो, मग सर्वजण थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. तूर्त ‘लाइट माय फायर’ त्यांनी कार्यक्रमातून वगळले आहे.